ह्यांच्या गाडीचं बॉनेट

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं धडधाकट आहोत, तूही असशील असं धरून चालते. गुडघा काय म्हणतो? (तेल चोळतोस, की नुसतं सगळ्यांना सांगत सुटतोस?) तुझं पत्र पोचलं. आमची गाडी आणि तुझ्या शेडमधली तिची जुळी बहीण, जी चालते पण पार गंजलीय, अशा दोघी एकाच भंगारवाल्याला देऊन टाकाव्यात आणि दाजींनी या वयात स्टिअरिंगला हात लावू नये, हा तुझा सल्ला मी नीट वाचला. तो मानणार नाही, एवढं सांगायला हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, भर रस्त्यात गंजलेली कडी तुटली आणि बॉनेट उडून काचेवर आपटलं. समोरचं काही दिसत नसताना ह्यांनी गाडी कडेला घेतली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण जन्मभर बस चालवलेला माणूस तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. जेवायला उठतात, तेही हाका मारल्यावर. मला ते बघवत नाही रे. कंपनीने हे बॉनेट बनवणं केव्हाच बंद केलंय, आणि पत्रेवाला म्हणाला, यात आता पत्रा कमी नि भोकंच जास्त. मग मी चौकशी केली, तर हल्ली म्हणे कार्बन फायबरचं बॉनेट घरच्या घरी करता येतं, आणि ते करतात कापडाचं! कापड म्हटल्यावर मी हटते होय? गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातचे आहेत. (उरलेल्या निम्म्यांचे नीट बसत नाहीत, ते मला लांबूनही दिसतं.)

तर जुन्या बॉनेटची भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली, घासून गुळगुळीत केलं, मेण चोळलं आणि त्यावरून साचा काढला. इथवर सगळं सुरळीत. मग ते काळंभोर कापड कापून साच्यात थरावर थर मांडले, आणि ते सरकू नयेत म्हणून हाताच्या सवयीने टाचण्या लावल्या. वरून रेझिन फासायचं. रेझिन म्हणजे दोन द्रव कालवून होणारा चिकट पाक, वाळला की दगड. दुकानदाराने बजावलं होतं, थोडं थोडं कालवा. म्हटलं, सारखं कोण कालवत बसणार, आणि मोठ्या पातेल्यात एकदमच कालवलं. फासून होतंय न होतंय तोच उरलेलं पातेल्यात आपोआप तापलं आणि धूर सोडायला लागलं. मी काही ओरडले नाही, पण काहीतरी पुटपुटले असणार, कारण हे खुर्चीतून उठले, चिमट्याने पातेलं धरलं, अंगणात नेऊन ठेवलं आणि परत येऊन बसले. पातेलं कामातून गेलं (आईचं नव्हे, घाबरू नकोस). पण हे हाक न मारता उठले, एवढं मी बघून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साच्यातून बॉनेट निघालं ते टाचण्यांसकट. मी नखांनी ओढतेय, सुरीने खरवडतेय, एक हलेल तर शपथ. तेवढ्यात हे पकड घेऊन आले आणि उपटायला लागले. टाचणी निघाली की तिथे भोक. शेवटी म्हणाले, जुन्याला तरी भोकं पडायला बरीच वर्षं लागली होती. टोमणाच होता, पण किती दिवसांनी! मी लगेच दुसरं करायला घेतलं, टाचण्यांचा डबा कपाटात कुलूपबंद करून.

ते छान उतरलं. आता त्याला खालून सांगाडा चिकटवायचा, नाहीतर वाऱ्याने ते थडथडतं. हा गोंद भलता चिवट, आणि दाब सगळीकडून सारखा हवा. म्हणून शिवणयंत्र, इस्त्री, तांदळाचा डबा, जड दिसेल ते वर ठेवलं. एक कोपरा उरला, तो ह्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला. गोंद धरेपर्यंत दोघं तिथेच उभे. मग हे खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी मी फार घाबरलो होतो." लग्नाला एवढी वर्षं झाली, हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, "मीही. शेजारीच तर बसले होते." मला बरं वाटलं. (नंतर कळलं की त्यांचे रबरी हातमोजे बॉनेटला चिकटलेत. कात्रीने कापून हात सोडवले. एका बोटाचं टोक अजून तिथेच आहे, वाकून बघितलंस तर दिसेल.)

काल बॉनेट गाडीवर बसवलं. बेतून शिवल्यासारखं बसलं. तेव्हा भंगाराची गोष्ट पुन्हा काढायची नाही. गुडघ्याला जप.

तुझी,
ताई

ता. क. एक राहिलंच. गाडी सुरू होत नाही. मेकॅनिक म्हणतो, उभी राहून राहून इंजिन जाम झालंय, आता काही उपयोग नाही. इतके दिवस बॉनेट माझ्याच हातात होतं, पण त्याच्या खाली बघायचं काही सुचलं नाही.

ता. क. २ तेव्हा तुझ्या भंगारवाल्याला दारातूनच परत पाठव. आम्हाला चालणारी गाडी हवीय आणि तुझ्या गाडीला बॉनेट.

ता. क. ३ हे पत्र टपालात टाकत नाहीये. नवं बॉनेट इतकं हलकं झालंय की ते काखेत मारून हे बसने निघालेत, आणि पत्र त्यांच्याच खिशात घालतेय. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा ते तुझ्यासमोर उभे असतील. त्यांना आधी पाणी दे, मग किल्ली दे. गाडी ते स्वतः चालवत आणणार आहेत. मी विचारलं नव्हतं, तेच म्हणाले.