एकेचाळीस टेपा आणि दुसरी ध्वनिपट्टी

एकच व्हिडिओ बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर सुरळीत चालतो आणि तोच, त्याच घरात, मोबाइलवर दर दहा सेकंदांनी अडून चाक फिरवत बसतो. हे कोडे माझ्या सर्व वारसांनी पाहिले आहे आणि त्याचा दोष प्रत्येकाने इंटरनेटला दिला आहे. खरे कारण वेगळे आहे. व्हिडिओची फाइल शिवणयंत्रावरच्या फळीवर ठेवलेल्या छोट्या संगणकात, म्हणजे आपल्या घरच्या सर्व्हरमध्ये असते. टीव्हीला त्या फाइलची बांधणी समजते, म्हणून सर्व्हर ती जशीच्या तशी पाठवतो. हे हमालाचे काम. मोबाइलला ती बांधणी समजत नाही, म्हणून सर्व्हरला पाहणाऱ्याच्या वेगाने तिचे रूपांतर करत करत ती पाठवावी लागते. हे दुभाष्याचे काम. दुभाष्याला धाप लागली की चाक फिरते.

हे मी आज, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कोणतेही टिपण समोर न घेता लिहू शकलो, यावरून माझी बुद्धी ठिकाणावर आहे असे समजावे. मी तंत्रशाळेत बत्तीस वर्षे रेडिओ व टीव्ही दुरुस्ती शिकवली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सहा वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात सर्व्हर व सर्व व्हिडिओ एकट्या मुलाला दिले होते, 'कारण मुलीला यंत्रांची आवड नाही.' ते वाक्य मी विशेषकरून रद्द करतो.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक थोरली मुलगी व धाकटा मुलगा यांना समसमान. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. दोघेही समजूतदार आहेत.

२. सोल्डरिंगची सर्व सामग्री, दोन मल्टिमीटर व लेबल लावलेले स्क्रूंचे चौसष्ट डबे तंत्रशाळेच्या कार्यशाळेला. ही सामग्री मला तळमजल्यावरच्या घड्याळजींना द्यायची होती. परंतु साक्षीदाराला वाटा देऊ नये असे वकिलांनी बजावले. साक्षीला बोलावताना हे घड्याळजींना सांगितल्यावर ते हातातले घड्याळ खाली ठेवून म्हणाले, "मग मास्तर, साक्षीला दुसरं कोणी मिळालं नाही का तुम्हाला?" त्यांचा राग रास्त आहे.

३. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी सर्व्हरच्या पंख्याच्या आवाजाबद्दल माझ्याविरुद्ध तीन लेखी तक्रारी केल्या. त्यांना मी माझी ॲल्युमिनियमची शिडी देतो, जी तशीही नऊ वर्षे त्यांच्याकडेच आहे.

४. आता व्हिडिओंविषयी. मुले लहान असताना आमच्याकडे टेपचा कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्याच्या टेपवर आवाजासाठी दोन पट्ट्या ठेवता येत. पहिलीवर चित्रण करताना होणारा आवाज, आणि दुसरीवर मागाहून स्वतंत्रपणे भरलेला आवाज. ते बटण माझ्या पत्नीला मीच शिकवले होते. तिने एकदा वापरून पाहिले आणि सोडून दिले, असा माझा समज होता. वस्तुस्थिती अशी की मी शाळेत गेलो की ती स्वयंपाकघराचे दार लावून, टेबलावर कॅमेरा ठेवून, प्रत्येक टेपवर बोलत असे. थोरली मुलगी शेजारी बसलेली असे. दुपारी त्या दोघी दुसरी पट्टी लावून टेप पाहत. संध्याकाळी मी लावली की कॅमेरा आपल्या सवयीने पहिली वाजवी, आणि मला लाटा, वारा, गाड्यांचे भोंगे ऐकू येत.

पुढे मी सर्व एकेचाळीस टेपा संगणकात उतरवल्या. एका तासाच्या टेपची फाइल तेरा जीबीची. पत्नी आजारी पडली तेव्हा ती अंथरुणावर टॅबलेटवर व्हिडिओ पाहू लागली आणि टॅबलेट अडू लागला. चाक किती वेळा फिरले ते ती मोजून मला सांगे. मी ठरवले की दुभाष्याला तिच्यासमोर धाप लागू द्यायची नाही. सर्व रूपांतर आधीच करून ठेवायचे. दोन महिने रोज बसून मी फाइली लहान केल्या. प्रत्येकीचे चित्र आरंभी, मध्ये आणि शेवटी तपासले. रंग तपासले. एकदाही अडकले नाही. मग जागा मोकळी करण्यासाठी मूळ फाइली पुसल्या आणि टेपा भंगारात दिल्या. रूपांतर करणारा प्रोग्राम वेगळे सांगितल्याशिवाय पहिलीच ध्वनिपट्टी उचलतो, हे मला माहीत होते. दुसरी भरलेली असेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

पत्नीने ते व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले आणि माझे कौतुक केले.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मुलगी आली, समुद्राची टेप लावली आणि विचारले, "बाबा, यात आई बोलत होती. तिचा आवाज कुठे आहे?"

मी म्हणालो, "या टेपवर तो कधीच नव्हता. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस."

तिने आणखी दोन टेपा लावून पाहिल्या. मी तिला मोठ्या माणसाची स्मृती आणि लहान मुलाची कल्पना यांतला फरक समजावून सांगितला. मी शिक्षक आहे, मला समजावून सांगता येते. जाताना ती दारात एवढेच म्हणाली, "आईला कळलं होतं. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस, दोन महिने राबलेत ते." त्यावरही माझा विश्वास बसला नाही. त्यानंतर चार वर्षे ती या घरी आलेली नाही. माझी खुशाली ती भावाकडून विचारून घेते.

५. माझ्या धाकट्या भावाला आम्ही सर्व 'गोडाऊन' म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी मला न विचारता त्याने माझ्या डिस्कवरचे सर्व काही स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतले, म्हणून मी त्याच्याशी बोलणे कमी केले होते. गेल्या नोव्हेंबरात घर बदलताना तो ती डिस्क घेऊन आला. "दादा, तू याला कचरा म्हणशील. पण माझ्या हातून काही टाकवत नाही, तुला माहितीये."

त्यात, तोवर मी उतरवलेल्या, एकोणतीस टेपांच्या मूळ फाइली होत्या; उरलेल्या बारा टेपा मी नंतर उतरवल्या होत्या. पहिल्यांदाच सांगावे तशा उत्साहाने मी त्याला तेरा जीबीचे गणित सांगत होतो, तेवढ्यात त्याने ध्वनीच्या यादीतील दुसरी ओळ दाबली. माझी पत्नी बोलू लागली: "हा समुद्र. हा ह्यांचा अंगठा, परत भिंगासमोर आलाय. अंगठ्याच्या डावीकडे आपली मुलगी आहे, ती रडत नाहीये, तिच्या डोळ्यांत वाळू गेलीये."

भाऊ स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवून आला. आम्ही चार टेपा ऐकल्या.

सबब, सर्व मूळ फाइलींचा कायमचा ताबा मी धाकट्या भावाकडे देतो. त्याच्या हातून काही टाकले जात नाही हे आता सिद्ध झाले आहे. सर्व्हर व आता नव्याने रूपांतर केलेल्या, दोन्ही पट्ट्या असलेल्या फाइली थोरल्या मुलीला. त्यांची एक प्रत मुलाला.

६. उरलेल्या बारा टेपांवरचा पत्नीचा आवाज माझ्यामुळे कायमचा गेला. मुलीची आठवण बरोबर होती, माझी तपासणी चूक होती. तो आवाज परत आणणारी कोणतीही युक्ती नाही; मी चार महिने शोधली. त्या बारा फाइलींना मी दुसरी ध्वनिपट्टी जोडून ती रिकामी ठेवली आहे. तिच्यावर आई काय म्हणत असे ते बोलण्याचा हक्क केवळ थोरल्या मुलीला आहे. तिला जसे आठवते तसे. ते कोणीही तपासू नये.

७. मेल्यावर वाचायचा कागद हयातीत पाठवणे रीतीला धरून नाही, असे वकील म्हणाले. तरी याची एक प्रत मी उद्या सकाळी थोरल्या मुलीच्या पत्त्यावर स्वतः टपालात टाकणार आहे. मला आणखी चार वर्षे गृहीत धरता येत नाहीत.

८. वारसांसाठी, आणि हा कागद ज्याच्या हाती पडेल त्याच्यासाठी, एक चाचणी. घरचा कोणताही जुना व्हिडिओ लहान केला असेल तर मूळ फाइल पुसण्याआधी दोन्ही उघडाव्यात. ध्वनीच्या यादीत मूळ फाइलच्या किती ओळी आहेत ते मोजावे, मग नव्या फाइलच्या मोजाव्यात. नंतर पडद्याकडे पाठ करावी, डोळे मिटावेत आणि नवी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी. जवळ बसलेल्या माणसाला विचारावे, यात कोणाचा आवाज ऐकू यायला हवा होता. त्याने नाव सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.

ठिकाण : राहते घर, शिवणयंत्राची खोली
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार

मृत्युपत्र करणाऱ्याची सही : (सही)

वरील सही आमच्यासमोर झाली. करणाऱ्याने संपूर्ण मजकूर आम्हांस मोठ्याने वाचून दाखवला, कलम सहा दोनदा.

साक्षीदार पहिले : तळमजल्यावरचे घड्याळजी (सही)
साक्षीदार दुसऱ्या : कुटुंबाच्या डॉक्टरीणबाई (सही)