डाव्या इंजिनाची नाडी

अहो ऐकलं का,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच खेप, आन् तीबी तुम्ही गेल्यावर! हुता तवा कधी गरजच पडली न्हाई. हाक मारायची, आन् ओ न्हाई आली तर शटरवर पान्हा आपटायचा, काम झालं. आता काय आपटू? पर आज तुमच्याशी बोलल्याबिगर माझा जीव थाऱ्यावर यायचा न्हाई. तुमचे धाकटे बंधू विलासभावजी मघाच येऊन गेले. शेडची किल्ली मागत हुते. मी दिली न्हाई.

तुम्हाला जाऊन वर्षबी झालं न्हाई अजून. तवर शिरोलीतली आपली शेड बंद करायची, मशिनं विकायची, जागा भाड्यानं द्यायची, असं सगळं ठरवून बसलेत. मला विचारलं? छ्या! "वहिनी, डिझेल इंजिनाचं काम म्हंजे बाईमाणसाचं काम हाय व्हय? दादा हुता तवर ठीक हुतं." म्हंजे इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी बसून नोझल धुतले, पंप बांधले, व्हॉल्व्हची सेटिंग केली, ते काय भातुकली खेळत हुते?

आन् तुमचंबी चुकलंच की! गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "घरातली जरा मदत करत्यात." जरा! दर महिन्याला बोटींच्या कामाला देवगडाला जायचा, येताना मासळी आणायचा, पर एकदा तरी म्हणाला, चल शालन, तुला समुद्र दाखवतो? "बोटीवर बाया नकोत, पाय घसरतोय." मी आपली रंकाळ्याच्या काठावर बसून समुद्र केवढा असंल याचा अंदाज बांधायची. दवाखान्याचंबी तसंच. चला म्हटलं तर "एवढं इंजिनाचं हेड बसवूदे". हेड बसलं, आन् तुम्ही उठला न्हाईसा. राग येतो मला तुमचा. खरं सांगते, अजून येतो.

आता मुद्द्याचं ऐका. देवगडच्या तांडेलांची ती प्रवासी लाँच आठवती का? दोन इंजिनांची, दोन्ही तुम्हीच बसवलेली. तुम्ही गेल्यावर तिचं उजवं इंजिन काळा धूर वकायला लागलं, तापायला लागलं. भावजींनी ते उचललं, टेम्पोत घातलं, घाट चढवून शेडमध्ये आणलं. खोललं, रिंगा बदलल्या, नोझल बदलले, स्टँडवर दिवसभर चालवलं. कसं लोण्यासारखं! खाली नेऊन बसवलं, लाँच बंदराबाहेर पडली, आन् परत काळा धूर. परत वर आणलं. परत लोणी. परत खाली, परत धूर!

हे फक्त आपल्या कोल्हापूरकरांनाच जमतंय बघा. बोटीचं इंजिन घाट चढवून आणायचं, त्याला ड्रममधलं गोडं पाणी पाजायचं, आन् समुद्रातली तक्रार शिरोलीत हुडकायची! स्टँडवर त्याला वढायला काय हुतं? वारा?

तांडेल बंदरात बोलायला लागले की मिस्त्री गेला, तसं कोल्हापूरच्या शेडचं कामबी गेलं. ते कानावर आलं आन् माझ्या डोक्यात सणकच गेली. मला बोला, ऐकून घेते. तुमच्या कामाला बोललेलं कसं ऐकू? भावजींना म्हटलं, ही लाँच मी बघते. न्हाई चालली तर किल्ली तुमच्या हातात, परत शेडचं नाव काढणार न्हाई. चालली, तर विकायचं नाव तुम्ही काढायचं न्हाई. कबूल? हसले. पर कबूल म्हणाले.

परवा गेलो. भावजी आन् मी गगनबावड्यावरनं जीपनं करूळ घाट उतरलो. मग समुद्र दिसला. अहो, केवढा हो! रंकाळा बिचारा. हे एवढं तुम्ही एकट्यानं बघत बसला इतकी वर्षं?

पर बघायला वेळ कुठं हुता? लाँचवर चढले. पाय घसरला न्हाई, ध्यानात ठेवा. सगळे उजव्या इंजिनाभोवती उभे, आजाऱ्याभोवती पावणं बसल्यासारखे. मी डाव्याजवळ जाऊन बसले. तुमची ती सवय! आजारी इंजिनासाठी बोलावलं की तुम्ही आधी शेजारच्या धडधाकटाची नाडी बघायचा. लोक हसायचे. तांडेलबी हसले. म्हणाले, "वहिनीनू, डाव्याक हात लावू नकात. ता सोन्यासारख्या आसा. ना धूर, ना ताप."

म्हटलं, उजवं बंद करा आन् नुसत्या डाव्यावर बाहेर घ्या.

घेतली. आवाज कसला गोड! थ्रॉटल पुरता पुढं रेटला, धुराची रेघ न्हाई. आन् लाँच? बंदराच्या तोंडाशी भरतीचं पाणी आडवं आलं आन् बया जागच्या जागी उभी. पुढं सरकंना. तांडेल माझ्याकडं बघायला लागले. म्हटलं, बघा तुमचं सोनं!

त्याला डिझेलच पोटभर मिळत न्हवतं हो. खायला न्हाई म्हणून धूर न्हाई, वढत न्हाई म्हणून ताप न्हाई. सगळी लाँच, माणसांसकट, एकटं उजवं वढत हुतं. ते तापणार न्हाई तर काय? आन् सगळ्यांनी मिळून त्यालाच आजारी ठरवलं, दोनदा त्याचंच पोट फाडलं! मला त्या इंजिनाचा असला कळवळा आला म्हणून सांगू. घरातबी हेच की. जो गप बसून असतो तो गुणाचा, आन् जी वढती आन् वढता वढता चिडती, ती डोक्यानं फिरलेली.

मग एका डब्यात स्वच्छ डिझेल घेतलं, टाकीकडनं येणारी नळी सोडवली आन् डाव्याला थेट डब्यातनं पाजलं. लाँच अशी उसळली की भावजींनी कठडाच धरला. म्हंजे इंजिन चांगलं, पंप चांगला, दुखणं टाकीपासनं इथपर्यंतच्या वाटेत. नळी वरनं नवी कोरी दिसत हुती. मधोमध चिरली. आतलं रबर सुटून लोंबत हुतं. धक्क्याला हळू चालताना डिझेल जायचं कसंबसं, पर लोड आला, वढ वाढली की ती नळी आतल्या आत मिटायची.

दोन्ही इंजिनांच्या नळ्या बदलल्या. डाव्याची मागची क्लिप अशा अडचणीत की भावजींचा हात जाईना. माझा गेला. हातात बांगड्या न्हवत्या, काढायचं कामच न्हवतं. एवढाच काय तो फायदा! मग नळ्यांतली सगळी हवा काढली, फिल्टर नवे घातले, हात पुसले. आता दोन्ही एकदम लोडवर पळवून बघायची तेवढी बाकी.

तुम्हाला ठावंच हाय, काम झाल्यावर सेल मारून चालू करायच्या आधी इंजिनाला कुंकू लावायचं, ते मी लावायचं. आपल्या शेडची रीतच हुती ती. तांडेलांनी ताट आणलं, नारळ आणला. मी हात पुढं केला, तर भावजी हळूच म्हणाले, "वहिनी, कुंकू तेवढं तांडेलांच्या सुनंला लावूदे. तुम्ही आता... बरं दिसत न्हाई."

तांडेल समुद्राकडं बघायला लागले.

मी म्हटलं, "का? नळी बसवायला माझा हात चालला की! तवा न्हाई तुम्हाला मी विधवा दिसले?" माझा आवाज चढला, सगळा धक्का बघायला लागला. बघूदेत! ताट घेतलं. डाव्याला लावलं, उजव्याला लावलं, नारळ फोडला. बोटाला कुंकू उरलं हुतं. पदराला पुसणार, तवर मनात आलं, पुसू कशाला? लावलं माझ्या कपाळाला. भावजींचं तोंड बघायला पाहिजे हुतं तुम्ही!

भीती वाटली का म्हणाल, तर वाटली की. आता जर धूर निघाला असता तर खापर नळीवर न्हवं, माझ्या कपाळावर फुटलं असतं. शेड गेली असती ती गेलीच असती, आन् वर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

लाँच बंदराबाहेर पडली. तांडेलांनी दोन्ही थ्रॉटल रेटले. मी मागं जाऊन उजव्याच्या धुराड्याकडं बघत उभी राहिले. इंजिन गार करून आलेलं पाणी तेवढं फेकत हुतं, काळ्या धुराचं नाव न्हाई. दोन्ही इंजिनं एका आवाजात बोलायला लागली. तांडेल वरडले, "वहिनीनू, लाँच हलकी झाली!" आन् मग मी रडले. तुम्ही असायला पाहिजे हुता. भोंगा पसरून रडले, कुणाची लाज बाळगली न्हाई.

एवढं झालं, तरी मघाशी भावजी आलेच. "काम झालं ते झालं. पर वहिनी, तुम्ही असं कुंकू लावून शेडवर बसणार, चार लोकं बोलणार. ते पुसा, आन् किल्ली द्या." शब्द फिरवला की हो तुमच्या भावानं!

मी वरडले न्हाई. म्हटलं, "भावजी, मी दुसरी किल्ली करून ठेवते. उद्या सकाळी कामाची कापडं घालून शेडवर या. वढायची तयारी असंल तर ती तुमची. नुसतं माझ्या शेजारी धूर न काढता उभं राहायचं असंल, तर घरीच बसा." भावजींनी चप्पल घातली आन् गेले. येतील का न्हाई, देव जाणे. आले तर बरंच. न्हाई आले तर एकटी वढीन, आन् तापले तर तापले!

तुम्हाला मात्र शब्द देते. उद्या शटर मी उघडणार. आल्या गिऱ्हाइकाला "मिस्त्री कुठं हाय?" म्हणून विचारू दे, मी "बोला" म्हणणार. बोटीवर जाणार, समुद्र बघणार, अगदी पोटभर बघणार. आन् तुमच्यासाठी रडायचं ते रडीनच, ते काय कुणाच्या बापाला थांबवता यायचं न्हाई. पर रडीन ती कुंकू लावून रडीन.

तुमची,
शालन मिस्त्री