चाळीस हातांच्या अलीकडे

अकोला, ता. १४ एप्रिल १९६६

तीर्थस्वरूप महादेवराव भाऊजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, नत्थूचा, शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. ऊन आहे, नोकरी आहे, माठात पाणी आहे. तिकडच्या माठाचं काय विचारू, आपल्या कार्डात दुसरं काही नव्हतंच. "विहीर खोल करायचं मशीन शेजारच्या गावाले आलं, आमाले काहून नाही?" एवढंच आपण विचारलंत. उत्तर कार्डात मावणारं नाही, म्हणून हे पाकीट.

मी कचेरीत नकाशे रंगवतो, ते आपण लग्नकार्यात "सायबाच्या खालोखाल" म्हणून सांगता. खालोखाल खरा, मध्ये अकरा माणसं आहेत. औंदा काम आलं ते असं: पातूरकडच्या मुलखावर मैल-मैलाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात विहिरीला पाणी किती हातांवर लागतं तो आकडा टाकायचा आणि आकड्याप्रमाणे रंग भरायचा. कुठल्या आकड्याला कुठला रंग, ते मात्र आमचं आम्ही ठरवायचं (सगळी गोम इथंच आहे). मी दहा हातांपर्यंत हिरवा, मग पोपटी, पिवळा, नारिंगी आणि पंचवीस हातांपासून लाल धरला. आठ दिवस ब्रश ओठात धरून टोक काढत होतो. संध्याकाळी जीभ अशी रंगायची की बायकोला वाटे, हा दिवसभर पानाच्या ठेल्यावरच बसतो.

नकाशा भिंतीवर लागला आणि साहेब दोन पावलं मागे सरकले. आमचा शिपाई देवमन म्हणाला, "सायेब, हे त गोवर आल्यावानी दिसून राह्यलं." मुंबईहून बडे पाहुणे यायचे होते. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "लाल फार झालाय, कमी करा. पण आकडा एकही खोटा नको. मी प्रामाणिक माणूस आहे."

आकडा न बदलता लाल कमी करणं फार सोपं असतं, भाऊजी. कोपऱ्यातली रंगांची सूची बदलायची. लाल पंचवीसऐवजी चाळीस हातांपासून. नारिंगीची वडी संपली होती आणि पिवळा साहेबांना आजारी वाटला, म्हणून चाळीसच्या अलीकडे सगळ्या हिरव्याच्याच छटा. चार दिवसांत सगळा मुलूख हिरवागार झाला, पावसाचा थेंब न पडता. पाहुणे नकाशापुढे उभे राहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "पिकं छान दिसतात." ही विहिरींची खोली आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही, मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. जाताना त्यांनी खाली शेरा मारला: मशीन फक्त लाल चौकोनांना द्यावं.

आपली विहीर अडतीस हातांची, म्हणून आपलं गाव पोपटी. मैनाबाई रोज अडतीस हात दोर ओढते, तिच्या तळव्यांना घट्टे पडलेत, आणि सरकारच्या लेखी ती हिरवळीत उभी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीची ही गत करणाऱ्या साहेबाला मी रोज सकाळी वाकून नमस्कार करतो. मला माझी लाज वाटते, पण अकराच्या ठोक्याला मी तिथं असतोच.

मैनाबाईस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद.

आपला,
नत्थू

ता. क. या आठवड्यात विहीर पुन्हा मोजा. उन्हाळ्यानं पाणी दोन-तीन हात तरी खाली गेलं असेल. चाळीस भरलं तर लगेच अर्ज पाठवा. लाल रंगाची अर्धी वडी मी टेबलाच्या खणात राखून ठेवली आहे.

आणखी ता. क. साहेब फक्त "कमी करा" म्हणाले होते. चाळीस हा आकडा माझा. छत्तीस धरला असता तरी त्यांचं समाधान झालं असतं. चाळीस दिसायला बरा वाटला. अडतीस मला ठाऊक होते. दिवाळीत आपल्या विहिरीचा नवा दोर मीच मोजून आणला होता. मैनाबाईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा लेकरांच्या आशीर्वादापाशी थांबा.