तीन घरांचा कारभार

४ ऑगस्ट
लेक युनिव्हर्सिटीसाठी दुसऱ्या शहरात गेली. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो, आता मी एकटा. एकटा म्हणजे निवांत. जाताना कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिलाय. माणसं तयार करायची, घरं बांधायची, त्यांचे संसार चालवायचे. म्हणाली, बाबा, यात जीव रमवा, मला दिवसातून सहा-सहा फोन करू नका. सहा ही शुद्ध अतिशयोक्ती. संकल्प: आपण होऊन फोन करायचा नाही. बघू कोण आधी विरघळतं.

७ ऑगस्ट
दोन घरं. सगळे युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी. हा खेळ नाही, अभ्यास आहे. सुट्टीत लेक येईल तेव्हा तिला दिसेलच, बाप किती समजूतदार झालाय.

१९ ऑगस्ट, सकाळी
तिसरं घर घेतलं. सोय उत्तम आहे: आपण ज्या घरात असू तेवढंच चालतं, बाकीची जागच्या जागी थांबतात. निळ्या घरातल्या चष्मिशला आंघोळीला पाठवून आठवडाभर दुसरीकडे होतो. परत आलो तर पठ्ठ्या आंघोळच करतोय. ना तक्रार, ना रुसवा. गुणी पोरं.

२ सप्टेंबर
लेकीचा फोन. (मी जिंकलो!) पण वेळ काय साधली! कोपऱ्यावरच्या घरात परीक्षा, त्यात तिथल्या रडूबाईने स्वयंपाकघर पेटवलेलं. लेक कपाट, मैत्रिणी, भाडं असं काहीबाही सांगत होती. हो हो म्हणत राहिलो. मुलांना बोलू द्यावं.

२१ सप्टेंबर
चष्मिश पहिला आला! ऑफिसात राहवेना. साहेबांना म्हणालो, आमचा मुलगा पहिला आला. साहेब म्हणाले, तुम्हाला मुलगी आहे ना? पुतण्यावर निभावून नेलं.

१० ऑक्टोबर
जेवायला पुन्हा पाव. तिन्ही घरांत मात्र ताजा स्वयंपाक, मी जातीने बघतो. लेकीचा फोन नाही. अभ्यासात असेल. मी तरी कुठे रिकामा आहे?

३० ऑक्टोबर
लेकीचा मेसेज: प्रोजेक्ट आहे, सुट्टीत येत नाही. मुळीच वाईट वाटलं नाही. संध्याकाळी बाकीच्या दोन्ही घरांना निळ्या घरात जेवायला बोलावलं. झाडून सगळे आले. मग वाईट वाटलं.

५ नोव्हेंबर
ठरलं. न कळवता जाऊन थडकायचं. तीन घरं सांभाळणाऱ्याला एक घर काय जड? तिची जुनी उशी नेतोय. तिला दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही.

८ नोव्हेंबर
सकाळी पोचलो. तिला सोडायला आलो होतो तीच इमारत, तेच दार. बेल वाजवली. एका दाढीवाल्याने उघडलं, तोंडात टूथब्रश. म्हणाला, त्या मुली कधीच गेल्या, सप्टेंबरातच जागा बदलली त्यांनी.

मला सांगितलं असणार. मी हो म्हणालो असणार.

खालच्या पायरीवर बसून फोन लावला. विचारलं, नव्या घरी कसं काय? जसं काही मला सगळं ठाऊकच. लेक इतकी खूश झाली की बोलतच सुटली. खिडकीतून मैदान दिसतं. एक मैत्रीण घोरते. आता छान झोप लागते. म्हणाली, बाबा, एकदा बघायला याच, स्टेशनपासून पायी आहे. इथेच आहे गं, असं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, बघू, सध्या घरातून पाय निघत नाही.

तेवढ्यात वरून तो दाढीवाला ओरडला, काका, तुमची उशी राहिली.

लेकीने विचारलं, कोण बोललं?

टीव्ही, म्हणालो.