प्रार्थनापेटीला शिकवलेला शब्द

शनि., १ फेब्रु.

पेटी चर्चच्या दाराशी बसवली. बाहेरून लाकडी, आत छोटा बोर्ड आणि माइक, वर एक हिरवं बटण. बटण दाबायचं, विनंती बोलायची, सोडायचं. पेटी ते शब्दांत लिहून काढते. ज्यांना मोबाइलवर टाइप करता येत नाही त्यांच्यासाठी.

'पाळक' हा शब्द आला तर विनंती फक्त पाळकसाहेबांच्या फोनवर जाते. 'मंडळी' आला तर सगळ्यांसाठी, उपासनेत पडद्यावर, म्हणजे उपासनेच्या ऑनलाइन लाइव्हवरही. दोन्ही आले तर 'मंडळी' धरायचं, असं ठेवलंय. 'पाळकसाहेब, मंडळीने प्रार्थना करावी', आपले लोक असंच बोलतात.

गायकवाड अंकल, कमिटीचे सेक्रेटरी: "आता देवाला ओटीपी पण जाणार का गं?" मग स्वतःच बटण दाबून गुडघ्यांसाठी मोठ्याने विनंती केली.

लाइव्हच्या चॅटवर कोणी पत्ता विचारला की आपोआप नकाशा जातो, तेही माझंच. व्यवस्थित चाललंय. उद्या पेटीचा पहिला रविवार.

रवि., २ फेब्रु.

क्रमाने लिहिते.

दुसऱ्या गीतानंतर विनंत्या पडद्यावर आल्या. अंकलचे गुडघे. कोणाच्या तरी नातवाची बारावी. मग हे:

'पाळकसाहेब, मी रूपा. सासरच्या मंडळींना कळू नये की मी मुलुंडला मावशीकडे आहे. नवऱ्याला सापडले तर तो मला जिवंत ठेवणार नाही. पाळकसाहेब, प्रार्थना करा.'

पेटीने एक अक्षर चुकवलं नव्हतं. पेटीला मंडळी म्हणजे चर्च. मलाही, कोड लिहिताना. लहानपणापासून दर रविवारी तोच अर्थ कानावर. सासरचीही मंडळी असते, हे डोक्यात आलंच नाही.

मी केबल उपटली. पडदा काळा झाला. पण पडद्यावर जातं तेच लाइव्हवर जातं, आणि ते गेलं होतं.

रूपाला ओळखत नव्हते. आता ओळखते. खांबाजवळच्या बाकावरून एक बाई ओढणी डोक्यावर घेऊन उठली आणि मावशीचा हात धरून बाजूच्या दाराने गेली. माझ्याच वयाची असेल.

रेकॉर्डिंग काढून टाकलं. मग चॅट उघडलं. फोटो नसलेलं एक खातं, आपले चर्चचे लोक करतात तसाच सलाम: 'सलाम. चर्चचा पत्ता मिळेल का?'

त्याखाली माझं आपोआप उत्तर: 'सलाम! आपलं मनापासून स्वागत.' आणि नकाशा.

सोम., ३ फेब्रु.

आपोआप उत्तर बंद केलं. उपयोग काय.

पाळकसाहेबांचा ऑफिसात फोन. रूपाचं सासर घाटकोपरचं, तेही चर्चचेच लोक. सासू दर रविवारी घरी आपली उपासना लावते. लिंक त्यांच्यापर्यंत कशी गेली ते मला विचारायची गरज नव्हती. नाताळात तिकडच्या महिला संघाला मीच पाठवली होती. किती नवीन लोक जोडले जातील म्हणून.

"पोलिसांत जाऊ या," मी म्हटलं.

"ती गेली होती गं एकदा. त्यांनी नवऱ्यालाच बोलावून घेतलं, बायकोला समजावून घरी ने म्हणाले. आता ती तयार नाही."

दिवसभर एकही काम धड झालं नाही. टेस्टिंगची एकच पायरी पुन्हा पुन्हा करत राहिले.

मंगळ., ४ फेब्रु.

मावशीच्या चाळीखाली सकाळी एक माणूस वाण्याकडे विचारत होता, इथे नवीन कोण आलंय. मावशीने वरून पाहिला. नवरा नव्हता म्हणे, दीर असेल. रूपा खिडकीशी गेलीच नाही.

आईला सांगितलं. आई: "आपल्याकडे आण तिला. तुझ्या पेटीने बाहेर काढलं ना? मग तुझ्या खोलीत ठेव." आई शब्द जपून वापरत नाही.

संध्याकाळी रिक्षाने आणलं. सामान म्हणजे एक पिशवी. हे आई, मी, मावशी आणि पाळकसाहेब (पा.सा.), एवढ्यांनाच माहीत.

रूपा म्हणाली, "ताई, मी पाळकांनाच सांगत होते हो. दोनदा नाव घेतलं त्यांचं."

दोनदा घेतलं होतं. मी पाहिलंय.

गुरु., ६ फेब्रु.

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की दोघी बोलायच्या थांबतो. समोरच्या घराचं दार लागल्याचा आवाज आला की पुन्हा सुरू.

पेटी काढून टाकते म्हटलं. पा.सा. नको म्हणाले. मार्थाबाईंना दिसत नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कोणाला मध्ये न घेता विनंती करू शकल्या.

कोड बदलला. आता मी वाचून मंजूर केल्याशिवाय पडद्यावर काहीही जाणार नाही. चार-पाच ओळींचं काम. आधीच करता आलं असतं.

रूपाला सांगितलं. "बरं केलंत," म्हणाली, आणि दाराची कडी पुन्हा बघून आली.

रवि., ९ फेब्रु.

रूपा घरी, आईजवळ. मी चर्चच्या दाराशी, फोन हातात.

पहिली घंटा झाल्यावर एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत पवित्र शास्त्र. "सलाम ताई. हीच का ती पेटी? लाइव्हवर पाहिली."

बटण दाबलं. आवाज मऊ. "मी रूपाचा नवरा. ती रागावून गेली आहे. ती घरी यावी म्हणून मंडळीने प्रार्थना करावी."

विनंती माझ्या फोनवर आली. मंजूर? नामंजूर? मी नामंजूर दाबलं. त्याने पाहिलं.

अंकल बाजूलाच. "अगं, समेटाचीच तर विनंती आहे. टाक की पडद्यावर."

"नाही, अंकल."

"नवरा-बायकोत भांड्याला भांडं लागतंच गं."

"अंकल, तिने काय म्हटलं होतं ते तुम्हीपण वाचलंय."

तो हसला. "राहू द्या ना. ताईंवर सगळी जबाबदारी दिसते. इथेच राहता का?"

मी तोंड उघडायच्या आत अंकल म्हणाले, "हो तर! स्टेशनच्या रस्त्याला, पोस्टासमोरची बिल्डिंग. हिचे वडील माझे दोस्त होते."

स्वागत आणि नकाशा. अंकलना माहीत नाही, कोण आमच्याकडे आहे. मलाही माहीत नव्हतं, पत्ता कोणाला पाठवत होते.

पा.सा.ना मेसेज केला. ते वेदीपाशी, फोन बंद. तो मधल्या बाकावर बसला. सगळी गीतं त्याला पुस्तकाशिवाय पाठ. उपासना सुटल्यावर सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही. मग स्टेशनच्या रस्त्याला लागला.

पा.सा. लोकांच्या गराड्यात होते; मी थांबले नाही, बाजारातून वळसा घालून घरी आले. बिल्डिंगखाली कोणी नव्हतं. पोस्टाच्या कट्ट्यावर दोघं-तिघं होते, चेहरे नीट दिसले नाहीत.

रूपा ओट्याशी भाकरी थापत होती. "कोण कोण आलं होतं आज?"

पा.सा.शी आधी बोलायचं, मग तिला सांगायचं, असं जिन्यात ठरवलं होतं. "नेहमीचीच मंडळी," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. तवा नुसता तापत राहिला.

"कोणती मंडळी, ताई?"