बोटीच्या तळाला पाडलेलं भोक

२२ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

वहिनीचा आशीर्वाद. तुम्ही धडधाकट आहात, वेळेवर जेवताय आणि गोदामातल्या त्या मुकादमाशी अजून हातघाईवर आलेला नाहीत, असं धरून चालते.

तुम्ही पाठवलेली शाल मिळाली. रंग माझ्या वयाला जरा भडक आहे, पण बर्फाच्या कारखान्यात सगळ्याजणी हात लावून बघून गेल्या. पुडक्यात बाबांसाठी काही नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. नुसता वरचा कागद उलटसुलट करून बघितला आणि घडी घालून ठेवला.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच बदलली. शेजारणीच्या कुत्रीला पिल्लं झालीत आणि तिने त्यासाठी आपलीच ओसरी निवडली आहे, त्यामुळे घरात शिरायचं तर तिची परवानगी लागते. बाबांना थोडा खोकला आहे. हवा बदलली की होतंच.

खरी बातमी म्हणजे आपल्या बोटीवर डेक धुवायचा पंप बसवला.

हे वाचून तुम्ही पत्र खाली ठेवलं असेल. ठेवलं असेल तर परत उचला.

तुमचे दादा गेल्यापासून बोट उतारावर ओढून ठेवलेली होती, ती तशीच. मी तिच्याकडे न बघता कामावर जायची सवय करून घेतली होती. मागच्या आठवड्यात बाबा सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "सूनबाई, मिस्त्रीला निरोप धाड. पंप बसवायचाय." मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी घोळ झाला. हाच पंप तुमचे दादा वर्षानुवर्षं मागत होते. मासळी काढून झाली की डेकवर रक्त, खवले, चिकटा. चालत्या बोटीतून दोरीची बादली टाकायची, भरली की ओढायची आणि ओतायची. दादांनी पंपाचं नाव काढलं की बाबांचं एकच, "बादली ओढायला हात झडलेत का तुमचे?" मग तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचात आणि विषय तिथेच राहायचा.

त्या दिवशीचं मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही सुकाणूवर होतात, दादा मागे डेक धूत होते. दोरीचा वेढा मनगटाला, बादली भरलेली, बोट वेगात. इंजिनाच्या आवाजात हाकही ऐकू आली नसेल. तुम्ही वळलात तेव्हा डेक रिकामा होता. आणि त्यांना आणल्यावर भरल्या घरात बाबांनी तुम्हाला विचारलं, "तुला एकदा मागे वळून बघता आलं नाही?" त्यानंतर तुम्ही या घरात एक घास खाल्ला नाहीत.

तर पंप.

मिस्त्री आला. तुम्हीच त्याचं नाव घाई मिस्त्री ठेवलं होतं ना? अजून तसाच आहे. पाना कुठे ठेवला ते शोधण्यात एक सकाळ जाते. पण या वेळी बाबांनी त्याला फारसं काही करूच दिलं नाही. "तू नुसतं सांग, करतो मी." त्यांचे हात आता किती थरथरतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. कपातला चहा बशीत असतो.

समुद्राचं पाणी आत घ्यायचं तर बोटीच्या तळाला भोक पाडावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी घाबरलेच. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, भोकाला घाबरायचं नाही. त्याच्या तोंडावर कॉक बसवतो. दांडी पाइपाच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी केली की बंद." बाबांनी आतून बारीक ड्रिल मारून खूण केली, मग बोटीखाली उताणे झोपून गोल करवतीने मोठं भोक पाडलं. लाकडाचा भुसा त्यांच्या डोळ्यांत, मिशीत पडत होता. मी बाजूला बसून ड्रिलचं बूड धरलं होतं. पाणी झिरपू नये म्हणून भोकाच्या कडेला पांढरा मसाला भरला, पितळी तोंड बसवलं, आतून कॉक आवळला. पुढे गाळणी, पाइप, इंजिनाच्या कप्प्यात वर कोरड्या जागी पंप, बॅटरीपासून वायर, मध्ये फ्यूज, आणि सुकाणूशेजारी बटण. पाइपाच्या पट्ट्या बाबांनी इतक्या वेळा आवळून बघितल्या, की मिस्त्री वैतागून विडी ओढायला गेला.

बोट पाण्यात लोटली. मी कप्प्यात डोकं घालून बसले. एक थेंब गळला नाही. बाबांनी बटण दाबलं. आधी नुसती घरघर झाली, मग पाइप फुसफुसला आणि पाण्याचा असा फवारा आला की मिस्त्रीच्या हातातला चहा कपासकट गेला. मी हसले, भावोजी. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन.

बाबा हसले नाहीत. ते डेक धुवायला लागले. डेकवर काही नव्हतंच, तरी पुढून मागे आणि मागून पुढे धूत राहिले. मिस्त्री म्हणाला, "अहो बाबा, रंग निघेल." बाबांनी बटण बंद केलं. परत चालू केलं. परत बंद केलं.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रीला वाटलं, जोर कमी पडला. तो म्हणाला, "याहून जोरात हवा असेल तर मोठा पंप लागेल."

बाबांनी मान हलवली आणि पाइपाची गुंडाळी करून ठेवली. पंप छान चालतो. तुम्हाला कळवावं वाटलं, म्हणून लिहिलं.

२३ फेब्रुवारी

काल एवढं लिहून पाकीट चिकटवणार होते. चिकटवलं नाही. बाबांना खोकला आहे तो हवेचा नाही, आणि मी हे पत्र घरून लिहीत नाही. कालचंही दवाखान्यात बसूनच लिहिलं. सगळं लिहिते, तुम्ही शेवटपर्यंत वाचा.

पंप चालवून बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यात फळीवर उभी राहून बर्फाच्या लाद्या ट्रकमध्ये ढकलत होते. तिथून धक्क्याच्या पलीकडचं पाणी दिसतं. आपली बोट बाहेर पडताना दिसली, आणि सुकाणूवर बाबा एकटे. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, म्हाताऱ्याला उभारी आली. पण दगडी बांधाच्या पुढे जाऊन बोट थांबली. जाळं टाकेनात, काही करेनात. एका जागी नुसते बसलेले. थोड्या वेळाने बघते तर बोट खाली गेलेली वाटली. वाटलं, आपल्या डोळ्यांनाच भास होतोय. परत बघितलं, तर कडेचा रंगीत पट्टाच दिसेना.

हातमोजे तिथेच टाकले आणि पळत सुटले. मिस्त्री धक्क्यावर कुणाचंतरी इंजिन उघडून बसला होता. त्याला नुसतं "बाबा" एवढंच म्हणता आलं. त्या दिवशी मात्र त्याने खरंच घाई केली. शेजारची बोट सोडली आणि आम्ही निघालो.

जवळ गेलो तर बाबा मासळीच्या पेटीवर बसलेले, गुडघ्यापर्यंत पाण्यात. मी ओरडले, "बाबा, कॉक बंद करा!" त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "तू परत जा, सूनबाई. पाणी गार आहे." अशा आवाजात, जसं काही मी चप्पल न घालता अंगणात आले होते.

मी त्या बोटीतून या बोटीत उडी टाकली. कप्प्याचं झाकण उघडंच होतं. आतल्या पाइपाच्या पट्ट्या सोडवून पाइप बाजूला काढून ठेवला होता, नीट, कुठे कापलेला-फाटलेला नाही. मी दंडापर्यंत हात घातला. तळाकडून पाणी जोराने येऊन तळव्याला धडकत होतं. दांडी सापडली. नवी होती, घट्ट होती, एका हाताने हलेना. दोन्ही हातांनी, तोंड पाण्यात घालून आडवी केली, तेव्हा ते येणं थांबलं.

वर आले तर बाबा माझ्याकडे बघत होते. "कशाला बंद केलंस?"

मी कप्प्याच्या कडेला धरून उभी राहिले. थंडीने दातावर दात आपटत होते. मग तेच बोलले. शब्द सांगते, तसेच्या तसे.

"बटण दाबलं की पाणी येतं गं. एवढंच होतं ते. किती वेळा मागितलं त्याने. आणि मी काय म्हणायचो, आठवतं ना तुला?"

मी म्हटलं, "आठवतं."

"आणि बोल कुणाला लावला? धाकट्याला. तो वळला नाही, कारण सुकाणू धरलं की नजर पुढे, हे मीच त्याला लहानपणी कानफटीत मारून शिकवलं होतं. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. बोलताना ठाऊक होतं, सूनबाई. पण मग उरलो असतो मीच."

मी त्यांच्यावर ओरडले, भावोजी. काय काय बोलले ते आठवतही नाही. माझा नवरा गेला तेव्हा मी कुणावर ओरडले नव्हते, ते सगळं तिथे निघालं. मिस्त्री मान खाली घालून दुसऱ्या बोटीची दोरी धरून उभा होता. त्यांना त्या बोटीत चढवताना त्यांचा पाय सटकला आणि ते दोन बोटींच्या मधे पाण्यात गेले. आम्ही दोघांनी काखेत हात घालून वर ओढलं, तोवर नाकातोंडात बरंच पाणी गेलं होतं. आता छाती भरली आहे. डॉक्टर म्हणतात, वय बघता शब्द देता येत नाही. हसून बोलतात, पण शब्द देत नाहीत. इथे त्यांना एकटं ठेवायचं नाही असं सांगितलंय, म्हणून मी आणि मिस्त्री आळीपाळीने बसतो. बोट बुडाली नाही. बांधून ठेवली आहे.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. काल मात्र वळून विचारलं, "तिकडे त्याला कुणी गरम वाढतं का?" वर्षभरात तुमच्याबद्दल पहिला शब्द.

मी म्हटलं, "बाबा, मी लिहू का भावोजींना सगळं?"

"नको," म्हणाले. "भरल्या घरात तोंडाने बोललो. तोंडानेच परत घेईन. तू फक्त त्याला बोलाव."

त्यांना न सांगता लिहितेय. मिस्त्रीचा भाचा उद्या ट्रक घेऊन तिकडे येतोय, त्याच्या हाती पत्र देते. त्याच ट्रकमधून परत या. त्यांना माफ करा असं मी म्हणत नाही. त्यात मी कोण पडणार? हवं तर येऊन भांडा, मी मध्ये येणार नाही.

तुम्ही पोचाल तेव्हा त्यांच्यात बोलण्याइतका श्वास उरलेला असेल का, ते मला माहीत नाही. असला, तर पहिल्यांदाच ऐकताय असं ऐका. नसला, तर वर लिहिलेले शब्द त्यांचेच आहेत. मी एकही पदरचा घातलेला नाही.

उत्तर लिहीत बसू नका. निघा.

तुमच्यावर कधीच बोल न ठेवलेली,
तुमची वहिनी