खाकी जीप दिसली की पाडा रिकामा

११ जानेवारी ६७, पालघर
पुन्हा तेच. किती वेळा सांगितलं साहेबांना, जीपचा रंग बदला. ऐकतील तर शपथ. आज पाड्यावर चुली पेटलेल्या, माणूस एक नाही. सगळे डोंगरात. त्यात साहेबांनी शिट्टी मारली. तीस वर्षं पोलिसात, डीएसपी होऊन निवृत्त, आता गोरगरिबांसाठी दवाखाना चालवतात. पण शिट्टी सुटत नाही. नर्सबाई लशीची पेटी मांडीवर घेऊन बसून. बोईसरला मजुरांच्या तळावर देवीचे दोन रोगी निघालेत. पाड्यातली पोरं तिथंच खडी फोडायला जातात. टोचलं नाही तर...

१३ जाने.
आज एकच सापडली. लखमी म्हातारी, पळवत नाही म्हणून. साहेबांकडं बघून म्हणे, "तुला वळखला मी. दारूच्या धाडीत माजी मडकी फोडली तू. आता सुई घेऊन आला."
साहेब म्हणाले, "हो, मीच." खाली मातीत बसले.
"मंग तुजा हात आदी टोच."
बाह्या वर करून टोचून घेतलं. म्हातारी हसली. "पोलिसाला पन रगत येते का रं?" पण स्वतःचा हात काही दिला नाही. म्हणे, पोरांना इचारते.

१६ जाने.
जीप ओढ्याशीच ठेवली, दोन मैल चालत. शिट्टी नाही. साहेबांना धाप लागली, तरी मलाच म्हणतात, "ड्रायव्हर, दमलास काय?" नऊ जण टोचले, म्हातारी धरून. बाकीचे कारवीच्या झुडपातून बघत होते. आणि खडीवरची पोरं कामावर. ज्यांच्यासाठी आलो तेच नाहीत. डोकं फिरलं.
परतताना साहेबांना सांगून टाकलं, तारापूरचा ठेकेदार दुप्पट देतो, मी जातो.


१९ जाने.
संगमनेरहून आईचं कार्ड. शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं. "अजून त्या पोलिसाच्याच गाडीवर? छपराचं काय?"
ठेकेदाराचा माणूस येऊन गेला. रविवारी सकाळी हजर हो, नाहीतर दुसरा बघतो.
संध्याकाळी साहेब म्हणाले, "रविवारी खडीवाली पोरं पाड्यात असतात. तेवढं चल, मग जा." जीप त्यांना चालवता येत नाही. दुसरा ड्रायव्हर कुठून आणणार?
दोघांनाही अजून उत्तर दिलं नाही. आईला छपरासाठी तीस कबूल केले होते. उद्या मनिऑर्डर, रु. अठरा.